शेवटचा अंतरा कोणी कापला?

गेल्या काही वर्षांत भीमजयंती जवळ आली की आपल्या वस्त्यांतून एक नवे काम निघते. पूर्वी मंडळाची मुले वर्गणी काढून मंडप, कमान, वाजंत्री ठरवीत. आता त्यात गाण्याच्या व्हिडिओची भर पडली आहे. गायक गावातला, कवी शेजारच्या गावचा, ध्वनिमुद्रण सांगलीत, चित्रीकरण कृष्णाकाठी, आणि 14 एप्रिलच्या आदल्या रात्री ते गाणे घराघरांतल्या मोबाइलवर! ही आनंदाचीच गोष्ट आहे. मला जी तक्रार मांडायची आहे ती या आनंदाविरुद्ध नाही, आमच्याच साताऱ्याच्या मंडळाविरुद्ध आहे. आणि त्या मंडळाचा खजिनदार मीच होतो.

आमचे गीत लिहिले होते कराडकडच्या एका वृद्ध कवींनी. उभा जन्म दुसऱ्याच्या उसात राबण्यात गेला, पण गाणे सुटले नाही. सगळे त्यांना आबा म्हणतात. व्हिडिओ तयार झाल्यावर नातवाने मोबाइल त्यांच्या हातात दिला. ड्रोनने वरून घेतलेली नदी दिसली, मुलींचा नाच झाला, गायकाने गॉगल काढला, पुन्हा घातला. गाणे संपले. आबा मात्र पडद्याकडे पाहतच होते. थोड्या वेळाने म्हणाले, "माझं नाव कुठं गेलं रं?"

ज्यांना ठाऊक नसेल अशा तरुण वाचकांसाठी सांगतो. आपल्या भीमगीतांत शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. महाकवी वामनदादा कर्डक (1922-2004) यांच्या गीतांत अखेरीस 'वामन' येतो, तो उगाच नाही. ज्याच्याकडे छापखाना नाही, पुस्तक नाही, त्याची सही म्हणजे ते कडवे. गाणे तोंडोतोंडी कुठेही गेले तरी सही बरोबर जाते. आमच्या व्हिडिओत गाणे लांबते म्हणून नेमका तोच अंतरा उडाला होता.

"लोकं एवढं लांब बघत न्हाईत, आबा," एक पोरगा म्हणाला. आबा काही बोलले नाहीत.

कोणी कापला, म्हणून मी चौकशी केली. गायक म्हणाला, संकलकाने. संकलक म्हणाला, मला मंडळाच्या मुलांनी लांबी सांगितली. मुले म्हणाली, कॅमेरावाल्याचा सल्ला होता. मी हिशेबाची वही उघडली. ड्रोनचे भाडे, मेकअप, नाचणाऱ्या मुलींचे कपडे, जेवण, गाडी, सगळे रकाने होते. दिग्दर्शक या नावाचा रकानाच नव्हता. आम्ही गाडी भाड्याने घेतली, डिझेल भरले आणि चालक नेमायचा विसरलो. मग गाडी कोणाच्या शेतात शिरली, याचा जाब कोण देणार?

दिग्दर्शक म्हणजे 'ॲक्शन' आणि 'कट' ओरडणारा, एवढीच आपली समजूत. प्रत्यक्षात त्याचे निम्मे काम कॅमेरा येण्याआधीचे आहे. व्हिडिओत गाणे आधी ध्वनिमुद्रित होते आणि चित्रीकरणाच्या वेळी ते भोंग्यावर वाजवून गायक नुसते ओठ हलवतो. म्हणून दिग्दर्शकाने ते गाणे आधी ओळीओळीने फोडून कागदावर मांडायचे असते: या ओळीला गायकाचा चेहरा, या ओळीला समोर बसलेली माणसे, इथे ढोलकीवरची थाप. संथ गतीचे दृश्य हवे असेल तर कॅमेरा दुप्पट चित्रे टिपतो, म्हणून गाणेही दुप्पट वेगाने वाजवावे लागते आणि गायकाला त्याच वेगाने ओठ जुळवावे लागतात. तरच पडद्यावर संथ झाल्यावर शब्द बरोबर बसतात. हे ज्याने आधी योजले नाही, त्याच्या व्हिडिओत गायक भलतेच बोलताना दिसतो. आमच्यात तर कानावर ढोलकी पडत होती आणि चित्रातल्या मुलाच्या हातात खंजिरी होती. लक्षात आले फक्त आबांच्या.

पण ही झाली कारागिरी. खरा प्रश्न आहे तो चौकटीत कोण असावे आणि कोण नसावे, याचा. तो निर्णय दिग्दर्शक घेतो. त्याने घेतला नाही तर ज्याचा आवाज मोठा तो घेतो.

याचे उदाहरण आपल्या मातीशी जोडलेले आहे. लोकशाहीर संभाजी भगत हे सातारा जिल्ह्यातले, पाचगणीजवळच्या महू गावचे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (2014) या चित्रपटातील शाहिराची गाणी त्यांची आहेत. शाहीर नारायण कांबळे यांची भूमिका केली ती नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी. 2021 साली कोरोनाने आपण त्यांना गमावले. त्या चित्रपटात शाहीर वस्तीतल्या मंचावर गातो तेव्हा कॅमेरा ठाण मांडून बसतो. धावपळ नाही, क्षणाक्षणाला बदलणारी चित्रे नाहीत. वस्तीचा कार्यक्रम जसा असतो तसा दिसतो, शब्द पुरते ऐकू येतात आणि त्याच कार्यक्रमात पोलीस येतात. दिग्दर्शक इथे काहीच करत नाही, असे वाटेल. पण काही न करण्याचे ठरवायलाही माणूस लागतो, आणि त्याला गाण्यावर विश्वास असावा लागतो. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण आनंद पटवर्धन यांचे. 'हमारा शहर' (1985) या माहितीपटात त्यांनी शाहीर विलास घोगरे यांना गाताना टिपले. 11 जुलै 1997 रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात दहा जण मारले गेले आणि त्या दुःखात घोगरे यांनी काही दिवसांतच आपले जीवन संपवले. पटवर्धन पुन्हा कॅमेरा घेऊन निघाले, चौदा वर्षे चित्रीकरण केले आणि 2011 साली 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला. तीन तासांहून मोठा आहे, आणि तो गाण्यांनी भरलेला आहे. लोक लांब बघत नाहीत म्हणणाऱ्यांनी तो एकदा बघावा.

कोणी म्हणेल, कडूबाई खरात यांच्या व्हिडिओला कुठे दिग्दर्शक होता? बाई एकतारी घेऊन बसल्या, कोणीतरी मोबाइल धरला आणि तो आवाज घरोघर पोचला. प्रश्न रास्त आहे. पण तिथे मोबाइल धरणाऱ्याने बाईंच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. आपण पैसे जमवले की पहिल्यांदा तीच नजर हलवतो. मग नऊवारी नेसवून शहरातून आणलेल्या नर्तिका पुढे येतात, आणि ज्या बाया जयंतीला रात्रभर भाकरी थापतात त्या चित्रात मागेही नसतात. नाचाला माझा विरोध नाही. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' (2022) मध्ये जयंतीचा नाच आहेच. तिथे वस्तीतली पोरे आपल्याच वस्तीत नाचतात, म्हणून तो खोटा वाटत नाही.

तामिळनाडूकडचे एक गाणेही सांगण्यासारखे आहे. 'एन्जॉय एन्जामी' 2021 साली आले. गायक धी आणि अरिवु, व्हिडिओचे दिग्दर्शक अमित कृष्णन. अरिवुची आजी वल्लियम्माळ श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेली. तिच्या आठवणींतून ते गाणे आले आणि व्हिडिओत ती आजी स्वतः दिसते. ज्याचे गाणे, त्याचे माणूस चौकटीत. एवढे करायला ड्रोन लागत नाही.

आता थोडे कायद्याचे, कारण मी कारकून आहे आणि मला कागद आठवतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रफितीचा कर्ता निर्माता मानला जातो, दिग्दर्शक नव्हे. म्हणजे आमच्या व्हिडिओचा कर्ता, पैसे घालणारे मंडळ. पण कवीचा हक्क निराळा आहे. त्याच कायद्याचे कलम 57 सांगते की, हक्क विकून टाकले तरी 'ही रचना माझी' असे म्हणण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो. शिवाय 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देता येत नाही, कोणी सोडल्याची सही घेतली तरी! आपल्याकडे किती कवींना हे ठाऊक आहे? मलाही आबांच्या प्रश्नानंतरच वाचावेसे वाटले.

पुढच्या वर्षी आम्ही तासगावकडचा एक मुलगा दिग्दर्शक म्हणून घेतला. सांगली जिल्ह्यातल्या मालेवाडीचे सोमनाथ वाघमारे यांनी भीमा कोरेगाववर आणि चैत्यभूमीवर माहितीपट केले, ते पाहून या वाटेला लागलेला. त्याने आधी मानधन लेखी ठरवले, याचे मला बरे वाटले. मग तीन दिवस तो आबांच्या घरी जाऊन बसला आणि गाणे त्यांच्याच तोंडून ऐकले. ड्रोन नको म्हणाला. मुले नाराज झाली. एक जण तर चित्रीकरणाला आलाच नाही.

शेवटचा अंतरा त्याने आबांच्या उंबऱ्यावर घेतला. गायक अंगणात उभा राहून गातो आणि आबा उंबऱ्यात बसून चष्मा पुसतात. त्यांचे नाव येते तेव्हा ते वर पाहतात, इतकेच. पाहिल्यावर आबांची तक्रार एकच होती: "चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली दिसतीया, ती झाकायची की रं." दिग्दर्शक हसला, पण त्याने ते दृश्य काढले नाही. यावर आमच्यात अजून वाद आहे. मला वाटते, आबांचे ऐकायला हवे होते.

जुना व्हिडिओ अजून तसाच आहे. नव्यापेक्षा तोच जास्त लोकांनी पाहिला आहे. काढून टाका म्हटले तर मुले ऐकत नाहीत. त्याखाली आता आबांचे नाव लिहिले आहे, मात्र ते वाचायला मजकूर बोटाने उघडावा लागतो, आणि आबांना तो कुठे उघडतो हे अजून सापडलेले नाही.