डबी आधी वाचा

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना वळसंग लागते. अशा गावांतही आता सलून आणि पार्लर आले आहे. नुसत्या केस कापण्यावर घर भागत नाही. म्हणून दुकानदार तेल, पावडर, क्रीम विकायला ठेवतो. त्यात वाईट काही नाही. गिऱ्हाईक त्याचा शब्द मानते. तो शब्द खरा हवा, एवढेच!

अकोल्यात काय झाले ते ऐका. एका घरातल्या तिघीजणी पार्लरमधून मिळालेले गोरे होण्याचे क्रीम लावीत. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात क्रीम तपासले, तर त्यात पारा निघाला! २०२३ साली ही बातमी वर्तमानपत्रांत आली. पाऱ्याने काही दिवस चेहरा उजळ दिसतो खरा. पण तो कातडीतून अंगात शिरतो आणि मूत्रपिंडे नासवतो.

म्हणून आपण काय करावे?

डबीवर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, परवान्याचा नंबर, किंमत आणि मुदतीची तारीख बघावी. हे छापलेले नसेल, तर विकणाऱ्याने विकू नये, घेणाऱ्याने घेऊ नये. क्रीम आधी दंडाच्या आतल्या बाजूला थोडे लावावे. एक दिवस थांबावे. खाज आली तर ते नकोच. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेऊ नयेत, देऊ नयेत. पावती मागावी.

दुकानदारानेही माल कशाचा, किती लावायचा, ते नीट सांगावे. ‘घ्याच’ म्हणून मागे लागू नये. एका डबीचा नफा चार दिवस पुरतो. खरं बोलणाऱ्याकडे गिऱ्हाईक जन्मभर येतं.

आता आपल्याला वाचता येते. मग डबी वाचूनच घेऊ या!