प्लॅस्टिकच्या सौर पॅनेलसाठी थांबावे काय?

वडसा (देसाईगंज) भागात उन्हाळी धानाला पाणी लागते ते ऐन उन्हाच्या दिवसांत. त्यामुळे विहिरीवर किंवा बोडीवर सौर पंप सोयीचा ठरतो. मात्र हलके, गुंडाळता येणारे प्लॅस्टिकचे पॅनेल येणार असल्याचे ऐकून काही शेतकरी बंधू पंप घेण्याचे लांबणीवर टाकतात. ते योग्य आहे काय, हे पाहू.

या पॅनेलमधील घटांना सेंद्रिय सौर घट म्हणतात. येथे सेंद्रिय म्हणजे कार्बनयुक्त रसायनांचे. शेणखताशी याचा संबंध नाही. १९८६ साली अमेरिकेत टँग या शास्त्रज्ञाने बनविलेला असा घट उन्हाच्या सुमारे १ टक्का शक्तीची वीज करीत असे. आता प्रयोगशाळेतील लहान घट १९ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत.

मधल्या थराचे काम

ऊन पडले की घटात ऋण व धन भार सुटे होतात. ते विरुद्ध बाजूंनी बाहेर पडले तरच वीज मिळते. उलट वळल्यास एकमेकांत मिसळून वाया जातात. म्हणून दोन्ही बाजूंस केसाच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थर देतात. पंपाचा फूटव्हॉल्व्ह पाणी वर जाऊ देतो, परत येऊ देत नाही; तसेच हे थर एकाच प्रकारचा भार पुढे सोडतात.

ऋण बाजूस बहुधा झिंक ऑक्साइड वापरतात. धानाच्या खैरा रोगावर आपण देतो त्या झिंक सल्फेटमधीलच हे जस्त. धन बाजूस पेडॉट-पीएसएस हे प्लॅस्टिक असते.

उणिवा

पेडॉट-पीएसएस आम्लधर्मी असून हवेतील ओल शोषते. झिंक ऑक्साइड उन्हातील अतिनील किरणांमुळे शेजारचा सेंद्रिय थर खराब करते. आपल्याकडे कडक ऊन आणि पावसाळी दमट हवा दोन्ही असल्याने हे दोष महत्त्वाचे आहेत. यावर उपाय म्हणून टिन ऑक्साइड आणि एका रेणूइतक्या जाडीचे थर वापरून पाहिले जात आहेत.

काय करावे?

पंपासाठी थांबू नये. सिलिकॉनची पॅनेल खात्रीची असून त्यांना सहसा २५ वर्षांची हमी मिळते. २०२४ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के ठरविला आहे. पॅनेल मोहाच्या सावलीत बसवू नये व धूळ वेळोवेळी पुसावी. कोणी प्लॅस्टिकचे पॅनेल विकू लागल्यास किती वर्षांची हमी, हे लेखी मागावे. लेखी न मिळाल्यास घेऊ नये.