ओढत्या सोनारचे स्थिरीकरण

ओढत्या सोनारचे स्थिरीकरण म्हणजे जहाजामागे केबलने ओढल्या जाणाऱ्या साइड-स्कॅन सोनारचे हेलकावे कमी करून समुद्रतळाची स्पष्ट प्रतिमा मिळवण्याची पद्धत होय. माशासारख्या आकारामुळे या उपकरणास 'टोफिश' म्हणतात.

कारण
टोफिश दोन्ही बाजूंना ध्वनिस्पंद सोडते. प्रत्येक स्पंदाच्या प्रतिध्वनीतून तळाची एक रेषा मिळते आणि अशा रेषा सरळ व समांतर आहेत असे मानून प्रतिमा जुळवली जाते. लाटेमुळे केबलला हिसका बसून टोफिश केवळ १ अंशाने वळली, तरी १५० मीटर अंतरावर रेषा सुमारे २.६ मीटर सरकते. परिणामी वस्तू विकृत दिसते किंवा दोन रेषांमधून निसटते. जलमार्गातील बुडालेली नौका अशी निसटल्यास जहाजांना धोका संभवतो.

उपाय
शेपटीचे पंख टोफिशची दिशा स्थिर ठेवतात. द्विखंडी पद्धतीत मुख्य केबलच्या टोकाला जड वजन बांधून त्यामागे हलक्या केबलने टोफिश ओढतात. जहाजाची वरखाली हालचाल बरीचशी त्या वजनापर्यंतच थांबते. उरलेले हेलकावे संवेदकांनी मोजून संगणकावर दुरुस्त करतात.

वापर
दोनापावला, गोवा येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) समुद्रतळाच्या सर्वेक्षणासाठी साइड-स्कॅन सोनार वापरते. शेवगाव तालुक्यापर्यंत पसरलेल्या नाथसागरासारख्या उथळ जलाशयात ओढलेले उपकरण गाळात रुतू शकते. अशा ठिकाणी सोनार बोटीच्या बाजूस दांड्यावर घट्ट बसवणे सोयीचे ठरते. मात्र तेव्हा बोटीचा प्रत्येक हेलकावा थेट सोनारपर्यंत पोहोचत असल्याने शांत पाणी आवश्यक असते.