एका रायफलीच्या मापाची डाय

नागपूरहून निघालं की भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत प्रणोदक दारू तयार होते. उलट दिशेला, जळगाव जिल्ह्यात, 1964 पासून वरणगावची निर्माणी बंदुकीची काडतुसं घडवते. खडकीची तर 1869 ची. काडतुसाचं तंत्र महाराष्ट्रात असं जुनं मुरलेलं आहे.

कारखान्याच्या काडतुसाला एक अट असते: त्या मापाच्या कोणत्याही रायफलीत ते बसलंच पाहिजे. म्हणून ते चेंबरपेक्षा, म्हणजे नळीत काडतूस बसण्याच्या जागेपेक्षा, किंचित बारीक ठेवतात. नेमबाजीसाठी खास घडवलेल्या रायफलीचं गणित वेगळं. तिचं चेंबर कारागिराने स्वतःच्या रीमरने, म्हणजे भोक कोरण्याच्या हत्याराने, कोरलेलं असतं, आणि तिच्या मालकाला त्या एकाच चेंबरला शोभेल असं काडतूस हवं असतं.

गोळी सुटते तेव्हा सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताचं पितळी कवच फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं, मग जरासं आक्रसतं. झाडलेलं कवच म्हणजे चेंबरचा जवळपास हुबेहूब ठसा. ते पुन्हा भरायचं तर डाय नावाच्या साच्यात दाबून आवळावं लागतं, आणि सगळी कसोटी इथेच असते. डायने कवचाचा खांदा, म्हणजे मानेकडे निमुळता होणारा भाग, फार मागे ढकलला तर चेंबरमध्ये मोकळी जागा राहते. पुढच्या बाराला पितळ ताणलं जातं, बुडाच्या थोडं वर पातळ होतं आणि काही फेऱ्यांनंतर तिथेच तुटतं. तुटलं की गरम वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. उलट कमी आवळलं तर चेंबर मागून बंद करणारा बोल्ट बंदच होत नाही.

मध्यम मार्ग किती अरुंद आहे? .308 विंचेस्टर मापाच्या चेंबरसाठी, ज्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे तो ‘गो’ गेज 1.630 इंचांचा आणि ज्यावर बंद होऊ नये तो ‘नो-गो’ 1.634 इंचांचा. फरक फक्त एक दशांश मिलिमीटर. बोल्ट रायफलीत खांदा साधारण त्याच्या निम्म्याने मागे नेतात. प्रचलित डायचे आटे इंचाला चौदा. पूर्ण फेरा दिला तर डाय 1.8 मिलिमीटर सरकते. म्हणजे हवं ते अंतर फेऱ्याच्या छत्तिसाव्या भागात मावतं! शहाणा कारागीर आधी झाडलेलं कवच मोजतो, मग डाय केसभर फिरवतो, आवळून पुन्हा मोजतो. पूर्ण खाली उतरवूनही डाय खांद्यापर्यंत पोचली नाही, तर तिचं बूड थोडं घासावं लागतं. बुडाशी डायचा व्यासच जास्त असेल तर मात्र कितीही फिरवून उपयोग नाही. मग झाडलेली कवचं डाय बनवणाऱ्याकडे पाठवून नवी घडवून घेणं हाच खरा उपाय, आणि खर्च वाचवण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

पॅरिसला 2024 मध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेच्या पन्नास मीटर प्रकारात .22 रिमफायर काडतूस असतं. ते पुन्हा भरत नाहीत. त्यामुळे या खेळातले नेमबाज वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जुळलेला लॉट विकत घेतात. वाट निराळी, शोध तोच.

भारतात शस्त्र अधिनियम 1959 नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. परवाना असला तरी एका चेंबरसाठी आवळलेलं काडतूस दुसऱ्या रायफलीत कधीच घालू नये.