वर रॉकेट, खाली खाजण

खासगी कंपनीच्या अवजड रॉकेटचं वेड आपल्याकडे पोहोचलं ते २०१८च्या फेब्रुवारीत, तेही आडवेळी. 'स्पेसएक्स' कंपनीच्या 'फाल्कन हेवी'चं पहिलं उड्डाण फ्लोरिडात ६ तारखेच्या दुपारी दीडला व्हायचं होतं, म्हणजे आपल्या घड्याळात रात्री बाराला. पण आकाशाच्या वरच्या थरातला वारा पडेना. वेळ सरकत गेली आणि ज्यांनी नेटाने डोळे उघडे ठेवले त्यांना रॉकेट उडताना दिसलं ते सव्वादोनला. आमच्याकडे, नवी मुंबईच्या द्रोणागिरी नोडमध्ये, म्हणजे उरणजवळच्या नव्या वसाहतीत, तेव्हा रस्ते आधी आणि माणसं मागून अशी अवस्था होती. उरणची लोकल यायला अजून सहा वर्षं होती. पण फोनवर इंटरनेट होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

कंपनीचा संस्थापक एलॉन मस्क याने आधीच सांगून ठेवलं होतं की रॉकेट तळापासून सुखरूप लांब गेलं तरी आपण जिंकलो असं समजू. असं बोलणारा यजमान आपल्याला नवा होता. सत्तावीस इंजिनं एकदम पेटली, रॉकेट वर गेलं, आणि टोकावर बसवलेली मस्कची लाल मोटार अंतराळात निघाली. मोटारीत अंतराळवीराचा पोशाख घातलेला पुतळा. हा प्रकार मला तेव्हाही पोरकट वाटला, आजही वाटतो. खरी गंमत उड्डाणानंतर आठ मिनिटांनी घडली. बाजूचे दोन्ही बूस्टर एकमेकांशेजारी, जवळजवळ एकाच क्षणी, पायांवर उभे उतरले. मधला तिसरा मात्र समुद्रातल्या तराफ्याच्या जवळच पाण्यात आदळला, कारण इंजिनं पुन्हा पेटवायला लागणारं द्रव्य संपलं होतं. त्याचं काय झालं ते थेट प्रक्षेपणात कुणी सांगितलं नाही, आणि कुणी फारसं विचारलंही नाही.

हे रॉकेट जवळजवळ ६४ टन भार पृथ्वीजवळच्या कक्षेत नेऊ शकतं, हा आकडा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत आला. पण लोकांनी चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली ती उतरण्याची. जेएनपीटी बंदराच्या रस्त्यावर राहणाऱ्याला त्यामागचा हिशोब समजावून सांगावा लागत नाही: प्रत्येक कंटेनर एकदा वापरून समुद्रात टाकला असता तर बंदर आठवडाभरही चाललं नसतं. अवकाशाच्या धंद्यात मात्र साठ वर्षं बहुतेक तेच चाललं होतं.

त्या रात्री यूट्यूबवर एका वेळी सुमारे २३ लाख लोक बघत होते. साडेपाच वर्षांनी, २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी, चंद्रयान-३ उतरताना हाच आकडा ८० लाखांवर गेला. म्हणजे उत्साह इस्रोच्या वाट्याला कमी आला असं कुणी म्हणू नये. पण दोन्हींची जात वेगळी. सप्टेंबर २०१९मध्ये चंद्रयान-२च्या विक्रम लँडरचा संपर्क तुटला तेव्हा घराघरांत सुतकी शांतता पसरली होती. उलट २० एप्रिल २०२३ला संध्याकाळी सात वाजून तीन मिनिटांनी टेक्सासमधून स्पेसएक्सचं पहिलं पूर्ण 'स्टारशिप' रॉकेट उडालं, चार मिनिटांत हवेतच गिरक्या घेऊन फुटलं, आणि कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडेही लोक हसत हसत चित्रफिती पुढे पाठवत होते. इस्रोचं यश आपलं, म्हणून अपयशही आपलं. तिकडे खिसा दुसऱ्याचा, म्हणून फुटण्याचीही मौज. अर्थात तो खिसा दिसतो तितका दुसऱ्याचा नाही. चंद्रावर उतरणारं यान बनवण्यासाठी नासाने २०२१मध्ये याच कंपनीला २.८९ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं होतं, तो अमेरिकी करदात्याचा पैसा.

त्या एप्रिलमधली जी गोष्ट आपल्याकडे कमी बोलली गेली ती जमिनीवरची. स्टारशिपच्या इंजिनांच्या झोताने तळाचं काँक्रीट फोडून खाली खड्डा पाडला. काँक्रीटचे तुकडे आजूबाजूच्या दलदलीत आणि किनाऱ्यावर उडाले, धुळीचा थर कैक किलोमीटरवरच्या पोर्ट इसाबेल गावावर बसला, शेजारच्या उद्यानाच्या जागेत साडेतीन एकरांवर आग लागली. बोका चिका म्हणतात तो भाग खाडीकाठचा, भरतीच्या पाण्याखाली जाणारा, पाखरांचा. उरणच्या माणसाने त्याचे फोटो पाहिले तर तो म्हणेल, ही तर आपली खाजणं. तिथे एक छोटी वस्ती होती, बरीचशी निवृत्त माणसांची. २०१९मध्ये कंपनीने त्या घरमालकांना किमतीच्या तिप्पट देऊ केले. काहींनी घेतले, काही अडून बसले. उड्डाणाच्या दिवशी रस्ता बंद, किनारा बंद.

आमच्या बाजूला ही गोष्ट परकी वाटत नाही. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणची ९५ गावं घेतली गेली, शहर वसवणारी सिडको १९७० साली आली, आणि योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. पुढे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं सूत्र आलं ते त्यातून. भाताची शेतं आणि मिठागरं गेली. बंदर आलं, ट्रेलर आले, नोड आला. बंदर नको होतं असं इथे फारसं कुणी म्हणणार नाही. पण मोठं काही उभं राहिलं की इथल्या माणसाची नजर वर जाते तशी खालीही जाते, कुणाच्या शेतात उभं राहिलं ते बघायला.

म्हणून २०२४चा ऑक्टोबर मला फार गमतीचा वाटतो. ११ तारखेला नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर हवाई दलाचं सी-२९५ विमान पहिल्यांदा उतरलं. दसरा शनिवारी, १२ला. आणि रविवारी संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना टेक्सासमध्ये स्टारशिपचं पाचवं उड्डाण. सात मिनिटांनी सत्तर मीटर उंचीचा बूस्टर परत आला आणि मनोऱ्याच्या दोन लोखंडी हातांनी त्याला हवेतच धरलं. सुट्टीचा दिवस, चहाची वेळ, सगळं घर टीव्हीसमोर. त्या संध्याकाळी वाद घालायला माझ्याकडेही काही नव्हतं. दोन दिवसांत दोन उतरणं, एक हाकेच्या अंतरावर, एक पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला. आणि खरं सांगायचं तर गप्पांत दुसऱ्याने पहिल्याला मागे टाकलं.

महिन्याभराने त्याच कंपनीच्या फाल्कन-९वरून इस्रोचा ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ उपग्रह गेला, १९ नोव्हेंबरच्या मध्यरात्री. एवढं वजन त्याच्या कक्षेत नेणं आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या आवाक्याबाहेरचं होतं. गोदरेजच्या विक्रोळीत विकास इंजिनं बनतात, वालचंदनगरला रॉकेटच्या मोटारींची आवरणं बनतात, पण मोठा उपग्रह तेव्हा परक्याच्या खांद्यावरून. यावर रागावण्यापेक्षा भाडं मोजणं शहाणपणाचं, आणि इस्रोने तेच केलं. दुसऱ्या रात्री साडेतीनला स्टारशिप सहाव्यांदा उडालं. ते कुणी पाहिलं असेल तर सकाळी विधानसभेच्या मतदानाला डोळे चोळत गेलं असेल.

आपल्या खासगी कंपन्यांचं कौतुक याच काळातलं, पण मापाने लहान. हैदराबादच्या स्कायरूटचं सहा मीटरचं विक्रम-एस १८ नोव्हेंबर २०२२ला श्रीहरिकोट्याहून ८९.५ किलोमीटर उंच गेलं. चेन्नईच्या अग्निकुलचं रॉकेट अनेकदा पुढे ढकलून ३० मे २०२४ला उडालं. दोन्ही उड्डाणं चाचणीची, दोन्ही कक्षेत न जाणारी, आणि बातमी एका दिवसाची.

आणि मग १६ जानेवारी २०२५. पहाटे इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेने दोन उपग्रह अंतराळात एकमेकांना जोडले. दुपारी साडेबाराच्या सुमारास जेफ बेझोस यांच्या ब्लू ओरिजिनचं अवजड 'न्यू ग्लेन' पहिल्याच प्रयत्नात कक्षेत पोहोचलं. रात्र सरता सरता, १७ला पहाटे चारच्या सुमारास, स्टारशिपचं सातवं उड्डाण: बूस्टर पुन्हा धरला गेला, वरचं यान मात्र कॅरिबियन बेटांवर फुटलं आणि जळते तुकडे आकाशातून ओघळताना पर्यटकांनी टिपले. दृश्य सुंदर होतं. त्याच वेळी त्या भागातली विमानं वाट बदलत होती, घिरट्या घालत होती. माझ्या फोनवर त्या दोन दिवसांत हे सगळं एकावर एक येत होतं, आणि त्यातच गावांतल्या अभिवादन सभांचे फोटो, कारण तारखा १९८४च्या हुतात्म्यांच्या होत्या.

यानंतर उत्साहाला थोडा थकवा आला. मार्चमध्ये स्टारशिपचं यान हातचं गेलं, मेमध्ये गेलं, जूनमध्ये एक तर चाचणीच्या ओट्यावरच फुटलं. २७ ऑगस्टच्या पहाटे पाचला दहावं उड्डाण शेवटपर्यंत नीट झालं आणि यान हिंदी महासागरात उतरलं, पण त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. पहाटे पाचला कोकणातलं घर दुसऱ्या गडबडीत असतं.

त्याच वर्षी मेच्या सुरुवातीला बोका चिकाचं रीतसर शहर झालं. मतदान झालं, २१२ बाजूने, ६ विरोधात. मतदार बहुतेक कंपनीचेच लोक, आणि नाव कंपनीनेच आधी लावलेलं: स्टारबेस. इकडे नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं, स्टारशिपच्या अकराव्या उड्डाणाच्या सहा दिवस आधी. त्याला दि. बां.चं नाव द्या म्हणून १० जून २०२१ला मानवी साखळी झाली होती, पुढच्या वर्षी विधिमंडळात ठरावही झाला. तरी उद्घाटनाच्या दिवशी इथल्या गावांत पहिला प्रश्न विमानं कुठे जाणार हा नव्हता, नावाचं काय झालं हा होता.