थोरलेपणाचा दावा

2002 साली केआरएस-वन या रॅपरने रसिकांना चक्क बहिष्काराची हाक दिली: नेलीचा ‘नेलीव्हिल’ अल्बम विकत घेऊ नका! निमित्त होतं आदल्या वर्षीच्या एका गाण्याचं. खरं हिप-हॉप कोणतं हे ठरवत बसणाऱ्यांना नेलीने त्यात टोमणा मारला होता. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. केआरएस-वनने तो स्वतःवर ओढून घेतला. नेलीनेही मग त्याचं वय काढलं. ‘नेलीव्हिल’ आल्या आल्या बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला.

केआरएस-वनचा, म्हणजे लॉरेन्स पार्करचा, अधिकार मात्र उसना नव्हता. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या बेघरांच्या निवाऱ्यात राहणाऱ्या या पोराला तिथला समाजसेवक स्कॉट ला रॉक भेटला. स्कॉट रात्री डीजे असायचा. दोघांचा ‘क्रिमिनल माइंडेड’ हा अल्बम 1987 साली आला, त्याच वर्षी स्कॉटचा गोळी लागून मृत्यू झाला. पुढे हिंसेविरुद्ध रॅपरना एकत्र आणणारी चळवळ केआरएस-वनने उभी केली.

पण त्याचं नाव झालं ते भांडणातून, आणि तेही थोरल्यांशी. क्वीन्सब्रिज वस्तीतल्या एमसी शॅनने ‘द ब्रिज’ या गाण्यात आपल्या वस्तीतल्या रॅपची सुरुवात सांगितली. हिप-हॉपच इथे जन्मलं, असा अर्थ त्यातून काढला गेला. 1973 साली डीजे कूल हर्कने हिप-हॉपची सुरुवात मानली जाणारी पार्टी गाजवली ती ब्रॉंक्समध्ये, तेव्हा ब्रॉंक्सवाले कसे गप्प बसणार? ‘साउथ ब्रॉंक्स’ आणि ‘द ब्रिज इज ओव्हर’ या जबाबांनी या नवख्याने नावाजलेल्या शॅनला गारद केलं. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यासारखीच ही रीत: ज्येष्ठाचा मान असतो, पण फडात जबाब द्यावाच लागतो.

म्हणून बहिष्काराची ती हाक मला दुबळी वाटते. नेलीच्या गाण्याला केआरएस-वनने गाण्याने उत्तर दिलं होतंच. वर ग्राहकांना कशाला मध्ये घ्यायचं? शिवाय लोकप्रियतेचं त्यालाही वावडं नव्हतं. 1991 साली आर.ई.एम. या रॉक बँडच्या ‘रेडिओ साँग’मध्ये तो पाहुणा होता. नेली तर सेंट लुइसचा. न्यूयॉर्कच्या वंशावळीत त्याला जागाच नव्हती. ती मागायलाही तो गेला नाही.

2006 साली क्वीन्सब्रिजच्याच नॅसने हिप-हॉप मेल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी केआरएस-वनने ‘हिप हॉप लिव्ह्ज’ काढला. त्यात त्याचा जोडीदार होता मार्ली मार्ल, शॅनच्या ‘द ब्रिज’चा निर्माता.