पानामागचे पान

संगणकाच्या पडद्यावर जे पान आपणांस दिसते, त्याच्या मागे आणखी एक पान असते. दिसणाऱ्या पानावर गणेशोत्सवाचा वृत्तान्त असेल, मंडळाच्या आजीव सभासदांची यादी असेल. मागच्या पानावर तोच मजकूर कोनी कंसांतील खुणांच्या गर्दीत अडकलेला असतो. या खुणांच्या भाषेस एचटीएमएल म्हणतात. पानावर माउसची उजवी कळ दाबून ‘व्ह्यू पेज सोर्स’ निवडले की ती कोणालाही पाहता येते. पान वीसपंचवीस वर्षांपूर्वीचे असेल, तर मात्र पाहणारा बहुधा लगेच ती खिडकी मिटून टाकतो.

मूळची भाषा इतकी किचकट नव्हती. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली आपली योजना मांडली; १९९१ च्या सुमारास या भाषेत जेमतेम दीड डझन खुणा होत्या. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, एवढेच सांगावयाचे. ते कसे दिसावे याची चिंता वाचणाऱ्याच्या यंत्राने करावी. पुढे ही विद्या घरोघरी पोहोचली आणि प्रत्येकास आपले पान लग्नपत्रिकेसारखे नटलेले हवेसे वाटू लागले. आकड्यांचे तक्ते मांडण्यासाठी केलेली ‘टेबल’ ही खूण पानाची चौकट उभारण्याच्या कामी जुंपली गेली. टेबलाच्या घरात दुसरे टेबल, त्याच्या घरात तिसरे. दोन स्तंभांत बोटभर जागा सोडावयाची असली, तर एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र ताणून तेथे बसवीत! अक्षराचे वळण व रंग यांसाठी ‘फाँट’ ही खूण आली. सजावट मजकुरापासून वेगळी ठेवणारी सीएसएस ही पद्धत डिसेंबर १९९६ मध्ये संमत झाली, आणि एका वर्षाने आलेल्या एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीने ‘फाँट’ खूण टाळावी असे सुचविले. लिहिणाऱ्यांनी ते फारसे मनावर घेतले नाही. त्यात वर्ड २००० मध्ये लिहून तेच एचटीएमएल म्हणून जतन करणाऱ्यांची भर पडली; वर्डला तो लेख पुन्हा जसाच्या तसा उघडता यावा म्हणून प्रत्येक परिच्छेदाला ‘एमएसओ’ने सुरू होणाऱ्या सूचनांचे ओझे चिकटत असे.

इतका गोंधळ चालला कसा, असा प्रश्न पडेल. उत्तर असे की, ब्राउझर हा फार क्षमाशील वाचक आहे. ठळक अक्षरांची खूण उघडली, तिच्या पोटात तिरप्या अक्षरांची उघडली, आणि आधी बाहेरची मिटवली, तरी तो पान परत करीत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात काय असावे याचा अंदाज बांधून ते दाखवितो. पूर्वी हा अंदाज ज्याचा त्याचा निराळा असे. २०१४ साली प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल ५ मध्ये चुकलेल्या खुणांचा अर्थ कसा लावावा, हेही पायरीपायरीने लिहून ठेवलेले आहे. यातून एक भूल मात्र संभवते. ब्राउझरच्या ‘इन्स्पेक्ट’ या सोयीत जी नीटनेटकी वंशावळ दिसते, ती त्याने दुरुस्त करून घेतलेली असते. मूळ हस्तलिखित पाहावयाचे तर ‘सोर्स’च उघडावा लागतो.

हे सर्व आम्ही मराठी कुटुंबांच्या मासिकात का सांगत आहोत, हे आता सांगितले पाहिजे.

बृहन्महाराष्ट्रातील अनेक मंडळांनी व हौशी मंडळींनी आपली पहिली मराठी पाने गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या प्रारंभी केली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती. परंतु त्या काळच्या घरगुती संगणकांवर ती सहजी उमटत नसे. तेव्हा शिवाजी, शुषा, कृतिदेव असे फाँट वापरीत. या फाँटांत इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसविलेले असते. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असे लिहिले, तर यंत्राच्या पोटात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही इंग्रजी अक्षरेच साठतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच दिसतात, आणि घरातले तरुण ‘फाइल बिघडली’ म्हणून ती पुसून टाकतात. फाइल बिघडलेली नसते. त्या निरर्थक अक्षरांभोवती ‘फाँट’ची ती टाकाऊ ठरलेली खूण असते, आणि तिच्यात फाँटाचे नाव असते. तेवढी एकच किल्ली.

जुने पान साफ करण्याची पुष्कळ साधने आहेत. डेव्ह रॅगेट यांनी तयार केलेले ‘टायडी’ हे त्यांतले नामांकित. ते न मिटलेल्या खुणा मिटविते, ओळी पायरीने मांडते, सांगितल्यास वर्डचे ओझेही उतरविते. परंतु उत्साहाच्या भरात फाँटच्या खुणाही काढून टाकल्या, तर मराठी कोठे संपते आणि इंग्रजी कोठे सुरू होते हे सांगणारे काही उरत नाही. रूपांतर करणारी आज्ञावली मग सचिवांचा इंग्रजी पत्ताही देवनागरी समजून उलथून टाकते. मोडी वाचणारा कागद हाती येताच धुवावयास घेत नाही. येथेही प्रथम मूळ फाइलची अस्पर्श प्रत बाजूस ठेवावी, काम दुसऱ्या प्रतीवर करावे. फाइल चुकीच्या अक्षरसंकेतात उघडून जतन केली, तर या फाँटांनी वापरलेली इंग्रजी वर्णमालेबाहेरची चिन्हे प्रश्नचिन्हे होऊन बसतात, आणि ती परत आणता येत नाहीत.

त्यानंतर मथळ्यापाशी संकेताचे नाव पाहावे, ‘बॉडी’ कोठे सुरू होते ते शोधावे आणि टेबले बाहेरून आत मोजीत जावे. सजावटीची टेबले एकदा ओळखू आली की, मजकूर असलेली घरे थोडीच उरतात. त्या घरांतील मजकूर फाँटाच्या नावासह उतरून घ्यावा आणि मगच युनिकोडमध्ये न्यावा. हे काम केवळ अक्षराला अक्षर लावण्याचे नव्हे. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकित होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. ‘धर्म’ शब्दातला रफार तेथे ‘म’नंतर, येथे ‘म’च्या आधी. कृतिदेवमध्ये ‘ढ’साठी डावा कोनी कंसच वापरला जातो, एचटीएमएलमध्ये त्यास खूण समजू नये म्हणून तो सांकेतिक रूपात लिहिलेला असतो. ते रूप आधी उलगडले नाही, तर ‘ढ’ असलेल्या प्रत्येक आडनावाचा घात होतो.

फुकट जागा देणारी जिओसिटीज ही सेवा जपानबाहेर २००९ साली बंद झाली. तेथील जी पाने कोणी वेळीच उतरवून घेतली, किंवा ज्यांची प्रत इंटरनेट अर्काइव्हसारख्यांनी ठेवली, तीच उरली. मंडळांच्या कपाटांतील सीडीही आता वीस वर्षांच्या झाल्या. काही वाचल्या जातात, काही नाही. ज्यांच्याकडे अशा सीडी असतील, त्यांनी त्यांची प्रत याच सुट्टीत करून घ्यावी. गुंता मागाहून सोडविता येईल. रूपांतर झालेली पाने मात्र घरातील एखाद्या आजोबांना किंवा आत्याबाईंना एकवार वाचून दाखवावी. त्या वर्षीच्या नाटकात सिंधूचे काम कोणी केले होते, आणि ते नाव यंत्राने बरोबर उतरविले की नाही, हे त्यांनाच ठाऊक असते.